सोपा शिरकाव, अवघड मुक्काम: आयन-विनिमयातून घडणारे अतिपातळ नॅनोस्फटिक

कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला की पिवळाधमक साका खाली बसतो. बी.एस्सी.पर्यंत रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते, कारण गुणात्मक विश्लेषणातल्या दुसऱ्या गटाची ती ठरलेली खूण आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात रसायन ऑलिंपियाडच्या शिबिरासाठी देशभरातून जी मुले येतात, त्यांना तर ही खूण झोपेतही आठवावी. आता त्या पिवळ्या साक्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडून पाहावे. पिवळा रंग आधी तपकिरी होतो, मग काळवंडत जातो. कॅडमियम पाण्यात उतरते आणि गंधकाशेजारची त्याची जागा चांदी घेते. सिल्व्हर सल्फाइड पाण्यात कॅडमियम सल्फाइडपेक्षा कितीतरी कमी विरघळते, म्हणून हा व्यवहार त्याच दिशेने होतो. उष्णता लागत नाही, निर्वात नळी लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही.

हीच अभिक्रिया आज जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांत एक नॅनोमीटर जाडीच्या अर्धवाहक स्फटिकांवर चालते, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सहज न मिळणारे पदार्थ तिच्यातून मिळतात. गेल्या तीसेक वर्षांत या क्षेत्रात काय साधले, काय निसटले आणि महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा त्यात कुठे आहेत, हे इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. या पद्धतीचे सगळे यश ज्या गुणावर उभे आहे, त्याच गुणात तिचे सगळे अपयशही आहे. जो आयन सहज आत शिरतो, तो सहज बाहेरही पडतो.

आयन-विनिमय ही काही नवी गोष्ट नव्हे. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी दाखवून दिले होते की मातीतून अमोनियम क्षाराचे द्रावण पाझरवले की अमोनियम मातीत अडकते आणि कॅल्शियम बाहेर येते. दख्खनच्या काळ्या मातीची सुपीकता बऱ्याच अंशी तिच्यातल्या चिकणखनिजांच्या याच क्षमतेवर उभी आहे. मानखुर्दला लागून असलेल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांचे पाणीही विनिमय-रेझिनांतूनच शुद्ध होते. पण माती काय, रेझिन काय, दोन्हींत आयन सैल बांधलेले असतात आणि मूळ सांगाडा पोकळ असतो. घट्ट बांधलेल्या अर्धवाहक स्फटिकाच्या आतले आयन एकूण एक बदलता येतील, हे कुणाला खरे वाटले नसते.

ते २००४ मध्ये खरे ठरले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पॉल अलिव्हिसॅटोस यांच्या गटातले डाँग ही सन आणि सहकारी यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांच्या द्रावणात चांदीचे आयन मिसळले. खोलीच्या तापमानाला, एका सेकंदाच्या आत, सगळे स्फटिक सिल्व्हर सेलेनाइडचे झाले. पुढे त्यांनी जादा कॅडमियम आणि ट्रायब्युटाइल फॉस्फिन घातले, तेव्हा चांदी बाहेर आली आणि कॅडमियम सेलेनाइड परत मिळाले. ही परतीची वाट मला या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. फॉस्फिनला चांदीची आणि तांब्याची ओढ मोठी, मिथेनॉलला कॅडमियमची. रॅल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेला कठीण-मृदू आम्ल-आम्लारींचा नियम इथे प्रत्यक्ष कामाला येतो. द्रावणात कोणता रेणू घालायचा एवढे ठरवले की आयनांनी कुठे जायचे तेही ठरते.

स्फटिकाचे मात्र मोडून काहीच जात नाही. सेलेनियमचे किंवा गंधकाचे ऋणायन आकाराने मोठे असतात आणि ते आपापल्या जागी जवळपास तसेच राहतात. धातूचे छोटे धनायन त्यांच्यामधल्या फटींतून ये-जा करतात. चाळ तीच राहते, बिऱ्हाडे तेवढी बदलतात. म्हणून मूळ स्फटिकाचा आकार, लांबी आणि जाडी नव्या पदार्थाला वारशाने मिळते.

एका सेकंदात हे कसे होते? विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ नॅनोमीटरच्या दाण्याला एक सेकंद लागत असेल, तर ४ मिलिमीटरच्या खड्याला त्याच्या दहा लाख गुणिले दहा लाख पट, म्हणजे तीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. पदार्थ तोच आणि तापमानही तेच, फरक फक्त लांबीचा. भूगर्भशास्त्रज्ञांना खनिजांतला विनिमय युगांच्या मापाने मोजावा लागतो आणि नॅनोरसायनज्ञाला चंचुपात्र हलवेपर्यंत तो उरकलेला दिसतो, त्याचे कारण हे.

अतिपातळ स्फटिकांचा हव्यास कशासाठी, तेही सांगायला हवे. अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनला कोंडले की त्याची ऊर्जा वाढते आणि पदार्थाचा रंग बदलतो. हा पुंज-परिणाम शोधल्याबद्दल आणि अशा दाण्यांच्या निर्मितीबद्दल मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गोल दाण्यांची एक अडचण कायम असते. एका बाटलीतले सगळे दाणे कधीच अगदी सारखे नसतात, त्यामुळे रंग थोडा पसरतो. २००८ मध्ये पॅरिसमध्ये सँड्रिन इथुरिया आणि बेनुआ दुब्रेत्र यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या चपट्या पट्टिका बनवल्या, तेव्हा ही अडचण जवळजवळ मिटली. पट्टिकेची जाडी अणूंच्या थरांत मोजता येते, आणि थर कधी साडेचार नसतात. कॅडमियमचे पाच थर आणि त्यांच्यामध्ये सेलेनियमचे चार, अशी सुमारे १.२ नॅनोमीटर जाडीची पट्टिका ५१२ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश देते. कॅडमियमचा एक थर वाढला की प्रकाश ५५० नॅनोमीटरकडे सरकतो. लांबी-रुंदी कमीजास्त झाली तरी रंगाला फारसा फरक पडत नाही. म्हणून या पट्टिकांच्या प्रकाशाची रेषा ८ ते १० नॅनोमीटर इतकी अरुंद असते.

पण पट्टिका बनवण्याची ही करामत कॅडमियमच्या संयुगांत जितकी नीट साधते तितकी इतरत्र साधत नाही. घनाकार रचनेच्या स्फटिकाला सगळ्या दिशा सारख्याच असतात. त्याने चपटे का व्हावे? कॅडमियम सेलेनाइडच्या बाबतीत याचे उत्तर २०१७ मध्ये झुरिकच्या डेव्हिड नॉरिस यांच्या गटाने दिले: अरुंद कडेवर नवा थर बसणे रुंद पृष्ठापेक्षा सोपे असते, त्यामुळे कड धावत सुटते आणि पृष्ठ मागे राहते. शिसे, पारा आणि जस्त यांच्या संयुगांत हा योग सहजी जुळून येत नाही. तेव्हा पट्टिका कॅडमियमची बनवायची आणि मग कॅडमियम काढून हवा तो धातू भरायचा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

इथे एक पेच आहे. २००४ च्या त्याच निबंधात बर्कलीच्या गटाने नोंदवले होते की सुमारे ५ नॅनोमीटरपेक्षा बारीक कांड्यांचा आकार चांदी शिरताना टिकत नाही. अभिक्रियेचा पट्टा स्फटिकाएवढाच रुंद झाला की सगळा स्फटिक एकदमच सैल होतो आणि स्वतःला गोळा करून घेतो. १.२ नॅनोमीटरची पट्टिका तर त्या मर्यादेच्या पार आत आहे. तरीही ती टिकते. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे दोन. पट्टिकेच्या दोन्ही पृष्ठांवर ओलिएटसारख्या लांब रेणूंचे दाट आवरण असते. शिवाय या क्षेत्रातले लोक आता अभिक्रियेचा वेग मुद्दाम मारतात. येणाऱ्या धातूला अमाइनसारख्या रेणूने बांधून ठेवतात, तापमान उतरवतात आणि क्षार थेंबाथेंबाने सोडतात. पॅरिसच्याच गटांनी २०१४ मध्ये कॅडमियमकडून तांबे आणि तांब्याकडून जस्त किंवा शिसे अशा पायऱ्यांनी पट्टिका बदलल्या. २०१६ मध्ये कॅडमियम टेल्युराइडच्या पट्टिकांतून अवरक्त प्रकाश देणाऱ्या मर्क्युरी टेल्युराइडच्या पट्टिका निघाल्या.

मधली तांब्याची पायरी कशासाठी? झिंक सेलेनाइड हे कॅडमियम सेलेनाइडपेक्षा जास्त विद्राव्य, त्यामुळे जस्त थेट कॅडमियमला हुसकावू शकत नाही. तांबे मात्र हुसकावते. तांबे एकदा आत आले की फॉस्फिन त्याला बाहेर ओढतो आणि त्या रिकाम्या जागी जस्त बसते. तांब्याचे सेलेनाइड रिकाम्या जागांनी भरलेले असते, म्हणून ही ये-जा विशेष सुकर होते.

थरांचा हा विचार पॅरिसच्या आधीचा आहे. १९९४ च्या सुमारास बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेत मेव्स, आयख्म्युलर आणि वेलर यांनी कॅडमियम सल्फाइडच्या दाण्यावरचा बाहेरचा थर पाऱ्याने बदलला आणि त्यावर पुन्हा कॅडमियम सल्फाइड चढवले. दाण्याच्या पोटात मर्क्युरी सल्फाइडचा जेमतेम एका अणुथराचा पापुद्रा अडकला. अतिपातळ अर्धवाहक विनिमयाने बनवण्याचा हा पहिला ठसठशीत नमुना मी मानतो. त्याच संस्थेतले आर्निम हेंगलाइन हे मूळचे विकिरण-रसायनज्ञ. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही विकिरण-रसायनाची तशीच परंपरा आहे. तिथे ७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉन झोताने पाण्यातच कॅडमियम सेलेनाइडचे बारीक कण बनवले गेले, आणि हिरेंद्र नाथ घोष यांच्या गटाने फेमटोसेकंद लेझरने अशा कणांतले इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते मोजले.

महाराष्ट्राचा खरा वाटा मात्र पातळ थरांच्या रसायनात आहे, आणि त्याचे केंद्र मुंबईत नसून कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे एक साधी पद्धत चिकाटीने वापरली. काचेची पट्टी कॅडमियमच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात खंगाळायची, सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खंगाळायची. एका फेरीत एक बारीकसा थर चढतो. मूळ कल्पना फ्रान्समधल्या निकोलाऊ यांची, १९८५ ची. पण तिचा पसारा किती धातूंपर्यंत जाऊ शकतो, हे कोल्हापूरने दाखवले. हबीब पठाण आणि लोखंडे यांनी २००४ मध्ये लिहिलेला या पद्धतीचा आढावा आजही संदर्भासाठी उघडला जातो. हेच तत्त्व २००३ मध्ये अमेरिकेत आर्कन्सॉच्या शियाओगांग पेंग यांनी काचेऐवजी द्रावणात तरंगणाऱ्या दाण्यांवर कवच चढवण्यासाठी वापरले. २०१२ मध्ये इथुरिया आणि तालापिन यांनी त्याच धर्तीवर पट्टिकांवर एकेक थर चढवला. बुडवा-खंगाळाची शिस्त कुठे कुठे पोचली ते यावरून दिसते.

कोल्हापूरच्या याच परंपरेतले बाबासाहेब संकपाळ नागपूरच्या व्हीएनआयटीत आहेत. काचेवर कॅडमियम हायड्रॉक्साइडच्या नॅनोतारांचे जाळे वाढवायचे आणि मग हायड्रॉक्साइड काढून तिथे गंधक किंवा सेलेनियम बसवायचे, हे त्यांचे काम विनिमयाच्या दुसऱ्या अंगाचे आहे. इथे धातू जागेवर राहतो आणि ऋणायन बदलतात. मोठे ऋणायन हलवणे एरवी कठीण, पण हायड्रॉक्साइडची रचना मुळातच सैल असल्यामुळे ते जमते. पेरोव्हस्काइटमध्ये तर ते फारच सहज जमते. पुण्याच्या आयसरमधील अंशुमन नाग यांच्या गटाने पवईच्या आयआयटीतील अरिंदम चौधरी यांच्या गटाबरोबर २०१५ मध्ये सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटच्या नॅनोस्फटिकांवर काम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी झुरिक आणि जिनोव्हाच्या गटांनी दाखवले की या स्फटिकांतले ब्रोमाइड क्षणार्धात क्लोराइड किंवा आयोडाइडने बदलते आणि रंग निळ्यापासून लालपर्यंत हवा तिथे नेता येतो. गंमत अशी की हिरवे आणि लाल स्फटिक एका बाटलीत ठेवले तर ते आपसातच हॅलाइड वाटून घेतात आणि दोघांचाही रंग मधेच कुठेतरी येऊन थांबतो. पडद्यासाठी दोन शुद्ध रंग हवे असणाऱ्याला हा गुण म्हणजे डोकेदुखी.

इथून मी पुन्हा माझ्या मुद्द्याकडे येतो. विनिमयावर उभा राहिलेला एक उद्योग आपण आधीच गमावलेला आहे, आणि आजच्या निबंधांत त्याची आठवण फार कमी दिसते. १९५४ मध्ये कॅडमियम सल्फाइडवर प्रकाशविद्युत परिणाम सापडला आणि त्यातून तांबे सल्फाइडचे स्वस्त सौरघट जन्माला आले. कृती अगदी सोपी होती. कॅडमियम सल्फाइडचा थर क्युप्रस क्लोराइडच्या गरम द्रावणात काही सेकंद बुडवायचा, म्हणजे वरचा पापुद्रा तांब्याच्या सल्फाइडचा होतो. १९८० च्या सुमारास त्यांची कार्यक्षमता ९ टक्क्यांवर गेली, आणि तरीही ते बाजारातून गेले. जे तांबे काही सेकंदांत आत शिरले, तेच वापरात असताना सरकत राहिले आणि घट निकामी झाले. नॅनोस्फटिकांतली अंतरे त्याहून कितीतरी लहान आहेत, म्हणून हा धडा त्यांना जास्तच लागू आहे.

विनिमय आत कसा घडतो, याचे सर्वांत जवळून घेतलेले चित्र एका मुंबईत शिकलेल्या माणसाने दिले आहे. प्रशांत जैन माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून इंजिनिअर झाले, अटलांटात मुस्तफा अल-सय्यद यांच्याकडे पीएच.डी. झाली, बर्कलीत अलिव्हिसॅटोस यांच्याबरोबर काम केले आणि आता ते इलिनॉय विद्यापीठात आहेत. २०१४ मध्ये त्यांनी आणि राउत्झान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका नॅनोस्फटिकाचा प्रकाश पाहत चांदीचे आयन सोडले. सगळ्या बाटलीकडे पाहिले तर बदल हळूहळू झाल्यासारखा दिसतो. एकेका दाण्याकडे पाहिले तर प्रत्येक दाणा आपापल्या परीने बराच वेळ काहीच करत नाही आणि मग काही शे मिलिसेकंदांत एकदम पालटतो. कुणी आधी, कुणी खूप उशिरा. पहिले काही आयन आत जमले की पुढच्यांची वाट मोकळी होते. हे वाचल्यावर अर्धवट विनिमयाच्या अनेक निबंधांकडे मी सावधपणे पाहू लागलो. निम्मे तांबे आणि निम्मे कॅडमियम असे सरासरी मोजमाप आले, तरी प्रत्येक दाणा निम्मानिम्मा असेलच असे नाही. निम्मे दाणे पूर्ण बदललेले आणि निम्मे कोरे, असेही ते असू शकते.

उरलेल्या आयनांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ४ नॅनोमीटरच्या कॅडमियम सेलेनाइडच्या दाण्यात कॅडमियमचे सुमारे ६०० अणू असतात. तांब्याच्या वाटेने तो जस्ताचा केला आणि तांब्याचा एकच आयन मागे राहिला, तरी अशुद्धी हजारात दीडहून जास्त झाली. सिलिकॉन उद्योगाच्या मापाने हे प्रमाण प्रचंड आहे. चांदीचे मोजके अणू दाण्याचा प्रकाश बदलून टाकतात, हे नॉरिस यांच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवले होते. पण जगभरच्या पुष्कळ निबंधांत विनिमय पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून क्ष-किरण विवर्तनाचा आलेख दिला जातो. त्यात हजारात एक दिसत नाही. सहा महिन्यांनी तोच नमुना पुन्हा मोजल्याचे तर क्वचितच वाचायला मिळते.

या बाबतीत ट्रॉम्बेच्या जुन्या अनुभवाकडे बघावे असे मला वाटते. १९५९ मध्ये तिथे अणुभट्टीच्या दर्जाचे युरेनियम बनू लागले, तेव्हापासून त्यातले बोरॉन आणि कॅडमियम दशलक्षांशात मोजण्याची सवय तिथल्या रसायनज्ञांना आहे, कारण हे दोन्ही न्यूट्रॉन गिळतात. एका बाजूला कोल्हापूर, नागपूर, पुण्याची थर चढवण्याची हातोटी आणि दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बेची अंश मोजण्याची शिस्त. या दोन्हींची गाठ पडली तर या क्षेत्राला आज ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, ते काम महाराष्ट्रातून होऊ शकेल.

कॅडमियम टाळून पुढे जाण्याची धडपडही चालू आहे. युरोपच्या नियमांत आणि आपल्या ई-कचरा नियमांतही उपकरणाच्या एकसंध भागात कॅडमियमची मर्यादा वजनाने ०.०१ टक्का आहे, त्यामुळे पडद्यांचे मोठे उत्पादक इंडियम फॉस्फाइडकडे वळले. इंडियम फॉस्फाइडही विनिमयाने बनते. २०१२ मध्ये बेबरविक आणि अलिव्हिसॅटोस यांनी कॅडमियम फॉस्फाइडमधून ते बनवले. पण तिसऱ्या आणि पाचव्या गटांतल्या मूलद्रव्यांच्या या संयुगांतले बंध अधिक घट्ट, म्हणून तिथे खोलीचे तापमान पुरत नाही. ३०० अंशांच्या घरात जावे लागते. तालापिन यांचा गट तर वितळलेल्या क्षारांत त्याहूनही वर गेला. एवढ्या उष्णतेत गोल दाणा कसाबसा तग धरतो, १.२ नॅनोमीटरची पट्टिका धरत नाही. इंडियम फॉस्फाइडच्या अतिपातळ पट्टिका कॅडमियमच्या पट्टिकांइतक्या नेटक्या बनवणे, हा आजचा मोठा अनिर्णित प्रश्न आहे. मात्र बंध घट्ट असण्यात एक फायदाही आहे: जे कष्टाने आत गेले ते सहज बाहेर येणार नाही. या दिशेला मी जास्त आशेने पाहतो.

तोवर कॅडमियमच्या पट्टिका बनत राहणार, आणि त्यांचा शेवट कुठे होणार हेही या आढाव्यात यायला हवे. मानखुर्द आणि गोवंडीच्या लोकवस्तीला खेटून देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो. पट्टिकेतल्या कॅडमियमच्या पाच थरांपैकी दोन थर थेट पृष्ठावर असतात, म्हणजे चाळीस टक्के कॅडमियम आवरणाच्या रेणूंखाली उघडेच आहे. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात तारांचे आणि मोबाइलचे तांबे विरघळलेले असेल, तर प्रयोगशाळेतला विनिमय तिथे आपोआप घडेल. तांबे पट्टिकेत जाईल आणि कॅडमियम पाण्यात उतरेल. नुसत्या आम्लात घन पदार्थ किती विरघळतो याच्या चाचण्या होतात, पण त्यांत तांबे नसते. ही तपासणी एखाद्या कॉलेजलाही झेपेल. पट्टिका प्लास्टिकच्या पातळ थरात बसवायच्या, एका बाटलीत नुसते सौम्य आम्लाचे पाणी आणि दुसरीत तेच पाणी तांब्याच्या क्षारासह घ्यायचे, आणि दर आठवड्याला दोन्हींतले कॅडमियम अणुशोषण यंत्रावर मोजायचे. पट्टिकेची जाडी एकेक थराने वाढवत नेली, तर किती जाडीला गळती थांबते तेही त्याच तक्त्यात दिसेल.